ग्लासह्यूटे : घड्याळांच्या गावाची न सांगितलेली चाळीस वर्षं

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या ड्रेस्डेनहून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटर गेलं की म्युग्लित्स नदीची अरुंद दरी लागते. त्या दरीत ग्लासह्यूटे हे गाव आहे. नावाचा अर्थ काचेची भट्टी, पण काचेशी त्याचा आता काही संबंध उरलेला नाही. आजूबाजूच्या वाड्या धरून नगरपालिकेची वस्ती सात हजारांच्या आतबाहेर. एवढ्या गावात दहाएक घड्याळ कंपन्या आहेत आणि त्यांतल्या काहींच्या एका घड्याळाला मुंबईच्या उपनगरातल्या फ्लॅटइतके पैसे पडतात.

या गावाची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात सांगतात. १८४५ मध्ये एक द्रष्टा घड्याळजी आला, त्याने गरीब गाव उभं केलं. मग युद्ध झालं, कम्युनिस्ट आले, सगळं संपलं. १९९० मध्ये पणतू परतला आणि वैभव पुन्हा उभं राहिलं. जाहिरातीला ही गोष्ट छान शोभते. मात्र तिच्यात १९४८ ते १९९० हा काळ कोरा पडतो, जणू चाळीस वर्षं गाव झोपलं होतं. माझं म्हणणं असं की ती चाळीस वर्षं वगळली तर १९९० नंतर जे घडलं त्याचा उलगडाच होत नाही. हे प्रकरण त्यासाठीच लिहायला घेतलं.

चांदी संपली तेव्हा

हा भाग एर्त्सगेबिर्गं म्हणजे धातूंच्या डोंगररांगेचा पूर्वेकडचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथे चांदी सापडली आणि १५०६ मध्ये सॅक्सनीच्या ड्यूक गेओर्गने गावाला शहराचा दर्जा दिला. एकोणिसाव्या शतकापर्यंत खाणी संपत आल्या होत्या. डोंगराळ जमीन, थंड हवा, शेतीत पोट भरेना. बायकापोरं घरी बसून गवताच्या काड्यांच्या वेण्या वळायची, त्यांच्या हॅट व्हायच्या. मजुरी कसली, चणेफुटाण्याचे पैसे.

सॅक्सनीच्या सरकारला या डोंगरपट्ट्यात कुठला तरी उद्योग आणायचा होता. फेर्डिनांड आडॉल्फ लांगे तेव्हा ड्रेस्डेनमध्ये होते. दरबारी घड्याळजी गुटकेस यांच्याकडे ते शिकले, पॅरिसला जाऊन विनर्ल यांच्या हाताखाली काम करून आले आणि परतल्यावर गुटकेसांचे जावई झाले. या सासऱ्यांनीच ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहाचं प्रसिद्ध घड्याळ बनवलं. त्याला काटे नव्हते. दोन खिडक्यांत आकडे दिसत, एका खिडकीत तास आणि दुसरीत पाचपाच मिनिटांनी बदलणारी मिनिटं. हे घड्याळ लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

लांगेंनी सरकारकडे मागितलं ते कर्ज. गृहखात्याशी ३१ मे १८४५ रोजी करार झाला. एकूण ७,८२० टालर (तेव्हाचं चांदीचं नाणं), त्यांतले ६,७०० पोरांच्या शिक्षणासाठी आणि १,१२० हत्यारांसाठी. बदल्यात लांगेंनी त्याच भागातल्या पंधरा पोरांना घड्याळाचं काम शिकवायचं. पोरं होती कोण? गवत वळणारी, शेतावर राबणारी. ७ डिसेंबर १८४५ ला कारखाना सुरू झाला.

पैशाची विभागणी नीट पाहा. हत्यारांच्या जवळजवळ सहापट रक्कम माणसं घडवण्यावर. आजही मागास तालुक्यात उद्योग आणायचा म्हटलं की आधी शेड, रस्ता आणि वीज यांचा हिशेब होतो, शिकवणीचा आकडा शेवटच्या पानावर सापडतो. इथे तो पहिल्याच ओळीत होता.

एक गाव, एक घड्याळ

लांगेंच्या घड्याळांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. यंत्राचा पाऊण भाग झाकणारी तीन-चतुर्थांश पट्टी १८६४ पासूनची. पॅरिसच्या जुन्या मापाऐवजी त्यांनी मिलिमीटर स्वीकारला, त्यामुळे सुट्या भागांची मापं सगळ्यांना एकसारखी कळू लागली. मला मात्र त्यांची दुसरी युक्ती जास्त मोलाची वाटते. अख्खं घड्याळ एकाच माणसाला शिकवण्याऐवजी त्यांनी काम वाटून दिलं. एकाकडे स्क्रू, एकाकडे दातेरी चाकं, एकाकडे काटे, एकाकडे पेटी. हात बसला की त्या माणसाने वेगळं व्हावं, स्वतःची कार्यशाळा काढावी आणि लांगेंना माल पुरवावा. साध्या हिशेबाने पाहिलं तर मालक स्वतःहून कारागीर गमावत होता. पण प्रत्यक्षात गावभर पुरवठादार तयार झाले आणि गाव हाच कारखाना झाला.

मग स्पर्धकही आले. युलिउस आसमान यांनी १८५२ मध्ये, मोरिट्स ग्रोसमान यांनी १८५४ मध्ये आपापले कारखाने थाटले. ग्रोसमान यांच्या खटपटीतून १ मे १८७८ ला जर्मन घड्याळजी विद्यालय सुरू झालं. लांगे १८४८ ते १८६६ अशी अठरा वर्षं गावाचे महापौर होते, १८७५ मध्ये गेले. चौकात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

विद्यालय सुरू झालं त्याच वर्षी आर्टुर बुर्कहार्ट यांनी गावात गणनयंत्रांचा कारखाना काढला, जर्मनीतला पहिला. दांडा फिरवून बेरीज-गुणाकार करणारी ती पितळी यंत्रं. त्याआधी १८६९ मध्ये रोबेर्ट म्यूले यांनी घड्याळांसाठी लागणारी मापनयंत्रं बनवायला घेतली होती. पुढे तेच घराणं मोटारींच्या वेगमापकांपर्यंत गेलं. हजारांश मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्या हातांना घड्याळ काय आणि कॅल्क्युलेटर काय. १८९० मध्ये दरीतून अरुंद रुळांची रेल्वे आली. माल एवढा हलका की पोत्यांनी वाहायचं काही नव्हतंच. रेल्वेने आणले ते मुख्यतः कोळसा आणि माणसं.

आता एक छोटं प्रकरण, पुढच्या कायद्याचं मूळ यातच आहे. १९०६ मध्ये गुइडो म्युलर नावाच्या व्यापाऱ्याने गावात ‘नोमोस’ नावाची कंपनी काढली. स्वित्झर्लंडहून घड्याळाच्या आतली यंत्रं आणायची, इथे पेटीत बसवायची आणि ‘ग्लासह्यूटे’ म्हणून विकायची. लांगेंच्या कंपनीने त्याला कोर्टात खेचलं आणि १९१० मध्ये तो धंदा बंद पडला. साठ वर्षांत गावाचं नाव इतकं वजनदार झालं होतं की त्याची चोरी करणं परवडू लागलं होतं.

नगरपालिकेचंच दिवाळं

पहिल्या महायुद्धानंतर खिशातलं सोन्याचं घड्याळ मागे पडत गेलं आणि मनगटी घड्याळ आलं. स्विस कंपन्या यंत्रांवर भराभर माल काढत होत्या, ग्लासह्यूटे हाताने काम करत बसलं होतं. १९१८ मध्ये सहकारी तत्त्वावर एक मोठी कंपनी उभी राहिली. महागाईच्या भडक्यात ती तगली नाही, १९२५ मध्ये बुडाली. तिच्या राखेतून १९२६ च्या अखेरीस दोन नव्या कंपन्या निघाल्या. एक यंत्र बनवणारी, दुसरी घड्याळ जुळवणारी. दोन्हींची सूत्रं एर्न्स्ट कुर्ट्स नावाच्या तरुण वकिलाकडे होती. घड्याळाचं गाव वाचवायला घड्याळजीच्या जागी वकील आला, याचं मला नेहमी हसू येतं, पण त्यानेच गावाला मनगटी घड्याळं दिली. मधल्या काळात गावाची काय दशा होती हे एका गोष्टीवरून कळेल. १९२९ मध्ये खुद्द नगरपालिकेवर दिवाळखोरीची कारवाई झाली. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै १९२७ मध्ये, म्युग्लित्स आणि शेजारच्या दरीत रात्रीत आलेल्या पुराने दीडशेहून जास्त माणसं नेली होती.

नाझी काळात गाव सावरलं ते लष्करी मागणीवर. वैमानिकांचे क्रोनोग्राफ, नौदलाची घड्याळं, स्फोटकांचे वेळयंत्र. सक्तीने आणलेले मजूर कारखान्यांत राबत होते. ब्रँडच्या पुस्तिकांत वैमानिकाचं घड्याळ झळकतं, मजुरांना जागा मिळत नाही. ८ मे १९४५, म्हणजे युरोपात युद्ध संपलं त्याच दिवशी, सोव्हिएत विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. लांगेंच्या मुख्य इमारतीचं नुकसान झालं. जे वाचलं त्यातली बरीच यंत्रं नुकसानभरपाई म्हणून रशियात गेली. गाव सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व जर्मनीत आलं, कुर्ट्स पश्चिमेला निघून गेले.

कोऱ्या पानांवर काय होतं

२० एप्रिल १९४८ ला लांगे कंपनी सरकारजमा झाली. संस्थापकांचे पणतू वाल्टर लांगे तेव्हा तेवीस वर्षांचे होते, युद्धात जखमी होऊन परतलेले. युरेनियमच्या खाणीत पाठवण्याची वेळ आली तेव्हा ते पळून पश्चिमेला गेले. इथे प्रचलित गोष्टीचा पडदा पडतो.

पडद्यामागे असं झालं. १ जुलै १९५१ रोजी गावातल्या सात कंपन्या एकत्र करून ‘फेब ग्लासह्युटर उरेनबेट्रीबं’ हा लोकमालकीचा कारखाना उभा राहिला. लोक त्याला जी.यू.बी. म्हणत. भरभराटीच्या काळात तिथे दोन हजारांवर माणसं होती, म्हणजे गावातलं क्वचितच एखादं घर त्याबाहेर असेल. १९६४ पासून ‘स्पेत्सिमाटिक’ नावाचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ निघालं. पातळ, नीट चालणारं आणि दिसायलाही बरं. पूर्व जर्मनीत नोकरीच्या वर्धापनदिनाला किंवा निवृत्तीला मिळणारं घड्याळ. पश्चिम जर्मनीतल्या घरपोच विक्रीच्या कंपनीमार्फत तेच घड्याळ वेगळ्या नावाने तिथेही विकलं जाई, घेणाऱ्याला ते पूर्वेचं आहे हे ठाऊकही नसे.

या कारखान्याकडे परकीय चलन नव्हतं. स्विस सुटे भाग विकत घेणं शक्य नव्हतं. म्हणून चाकं, स्क्रू, ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), केसाहून बारीक स्प्रिंगा, सगळं गावातच बनवावं लागे. कुठल्याही पश्चिमी व्यवस्थापकाने हे पाहून कपाळावर हात मारला असता. प्रत्येक भाग स्वतः बनवणं म्हणजे खर्चाचा डोंगर. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये आणि पश्चिम जर्मनीच्या काळ्या जंगलाच्या पट्ट्यात बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेने कारखाने बंद पडत होते, कारागीर टॅक्सी चालवायला लागले होते. ग्लासह्यूटेनेही क्वार्ट्झ बनवलं, पण चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांचं काम तिथे ऐंशीच्या दशकातही चालू राहिलं. विद्यालयाची परंपरा चालू राहिली, शिकाऊ मुलं दरवर्षी येत राहिली. स्पर्धेपासून कुंपण घातल्यामुळे जुनं कौशल्य जिवंत राहिलं. त्या कुंपणाला मी चांगलं म्हणत नाही. पळून जावं लागलेल्या माणसाला तर ते कधीच चांगलं वाटणार नाही. पण कुंपणाने काय राखलं हे नोंदवायला हवं.

आता माझ्या या म्हणण्याला एक मोठा अडथळा आहे, तो लपवत नाही. थ्युरिंगियातलं रूहला. तेही पूर्व जर्मनीचं घड्याळाचं गाव, ग्लासह्यूटेपेक्षा किती तरी मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारं. तिथेही हात होते, कुंपण होतं, सरकार होतं. १९९० नंतर रूहलाचा मोठा कारखाना विरघळून गेला, आज तिथे एक संग्रहालय आणि थोडीफार जुळणी उरली आहे. मग ग्लासह्यूटेच का? रूहला स्वस्त घड्याळं बनवत असे, सर्वांना परवडावीत म्हणून. त्यासाठी लागणारे हात जगात कुठेही मिळत होते आणि हाँगकाँगमध्ये आणखी स्वस्तात. ग्लासह्यूटेचे हात दुर्मीळ होते, आणि गावाच्या नावाला १९४५ आधीचा भाव होता. नुसते हात पुरले नसते, नुसतं नावही पुरलं नसतं. दोन्ही एकाच दरीत राहिली हे नशीब.

१९९० : दोन हजार नोकऱ्या आणि एक करार

जुलै १९९० मध्ये पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मनीचं मार्क हे चलन आलं. एका रात्रीत इथल्या मालाची किंमत युरोपच्या भावात आली आणि पूर्वेकडची गिऱ्हाइकं मार्कमध्ये पैसे देऊ शकत नव्हती. सरकारी कारखाने विकणाऱ्या ‘ट्रॉयहांड’ या संस्थेकडे जी.यू.बी. गेला. लोक कामावरून निघू लागले, दोन हजारांतले बहुतेक सगळे. नंतरच्या यशाबद्दल लिहिताना हा आकडा सहज गिळला जातो. ज्यांना काढलं ते पन्नाशीचे कामगार नव्या चकचकीत कार्यशाळांमध्ये परतले नाहीत, त्यांची मुलं कदाचित परतली.

वाल्टर लांगे आता सहासष्ट वर्षांचे होते. पश्चिमेत घड्याळ-दागिन्यांच्या फोर्त्सहाइम शहरात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ७ डिसेंबर १९९० ला, कारखान्याच्या १४५ व्या वाढदिवशी, त्यांनी नवी कंपनी नोंदवली. हातात ना कारखाना, ना यंत्र, ना विकायला घड्याळ. बरोबर होते ग्युंटर ब्ल्युमलाइन, आय.डब्ल्यू.सी. आणि जेजे-लकूल्त्र या स्विस कंपन्या सावरलेले व्यवस्थापक. भांडवल त्यांच्या जर्मन मालक-समूहाचं होतं. माणसं कुठून आणली? जी.यू.बी.तून. पहिल्या काही कारागिरांना स्विस कारखान्यांत धाडून सराव दिला, पण मुळाक्षरं त्यांनी गावातच गिरवली होती.

चार वर्षं काहीच विकलं नाही. २४ ऑक्टोबर १९९४ ला ड्रेस्डेनच्या राजवाड्यात चार घड्याळं दाखवली, एकूण १२३ नग, बारा विक्रेत्यांना वाटलेले. ‘लांगे १’ च्या तबकडीवर तारीख दोन मोठ्या खिडक्यांत होती. सासरेबुवांचं ऑपेरातलं घड्याळ दीडशे वर्षांनी मनगटावर आलं. जाहिरातीच्या फोटोत तारीख मात्र २५ असते, कारण वर्तमानपत्रांत बातमी दुसऱ्या दिवशी छापून येणार होती. ही बारीक हुशारी ब्ल्युमलाइनची असं सांगतात, मला ती पटते.

दुसरा मार्ग रोलांट श्वेर्टनर यांचा. बर्लिनची भिंत पडून जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा, जानेवारी १९९० मध्ये, ड्युसेलडॉर्फचा हा माणूस गावात येऊन दाखल झाला आणि कंपनीला नाव दिलं नोमोस. तेच, १९१० मध्ये बंद पडलेलं. सुरुवातीला यंत्रंही स्विसच. इतिहासाने यापेक्षा मोठी थट्टा करू नये. पण पुढे त्यांनी स्वतःची यंत्रं बनवली, २०१४ मध्ये तर घड्याळाची चाल ठरवणारा नियंत्रक भागही, जो बाहेरून घेणं सोपं असतं. किंमत लांगेंच्या दहाव्या हिश्श्यात.

तिसरा मार्ग जी.यू.बी.चा. कारखाना १९९४ मध्ये खासगी मालकांकडे गेला, ‘ग्लासह्यूटे ओरिगिनाल’ झाला, आणि २००० मध्ये स्विस स्वॉच समूहाने घेतला. त्याच वर्षी लांगे दुसऱ्या स्विस समूहात, रिशमोंमध्ये गेली. म्हणजे १९१० मध्ये जिथून माल येण्यावर गावाने कोर्ट केलं, त्या देशातूनच आता गावाचे दोन सर्वांत मोठे मालक चालतात. नोमोस स्वतंत्र राहिली. घड्याळं सोडली तर गावात फारसा दुसरा उद्योग नाही. पितळी गणनयंत्रं कधीच गेली. एका लाटेवर अख्खं गाव तरंगतंय, आणि ती लाट हाँगकाँग-शांघायमध्ये श्रीमंतांच्या मूडवर उठते-बसते. १२ ऑगस्ट २००२ ला गावाच्या वरच्या अंगाचा पूररोधक बांध फुटून कार्यशाळांत चिखल शिरला, तो निदान उपसता येत होता.

पन्नास टक्क्यांचं गणित

फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मन सरकारने ग्लासह्यूटे नावासाठी स्वतंत्र अध्यादेश आणला. असं संरक्षण आधी सुऱ्या-कात्र्यांच्या झोलिंगेनला होतं. अट मुळात जुनी, कोर्टांनी ओळखलेली. घड्याळाच्या मुख्य कामांतलं निम्म्याहून अधिक मूल्य गावात निर्माण व्हायला हवं. यंत्र बनवणं, पेटीत बसवणं, अखेरची तपासणी, सगळं धरून. शेजारच्या एक-दोन वाड्यांतून सुटे भाग आणि ड्रेस्डेनमध्ये थोडं सुशोभन चालतं. या शतकाच्या पहिल्या दशकात गावातल्याच दोन कंपन्या या निम्म्याच्या हिशेबावरून भांडल्या होत्या आणि हरलेली दिवाळखोरीत गेली, नंतर सावरली.

हिशेब ‘मूल्याचा’ आहे, ‘भागांचा’ नाही, इथे गंमत आहे. घड्याळाची चाकं धरून ठेवणाऱ्या एका पट्टीवर हाताने नक्षी कोरायला कारागिराचे काही तास जातात. स्क्रूची कड आगीत निळी करायला, पट्टीवर रेघा घासायला तसेच. हे सगळे तास जर्मन पगारात मोजले जातात आणि टक्केवारी भरते. म्हणजे वेळ सांगण्याच्या दृष्टीने पूर्णपणे फुकट असलेलं काम कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कामाचं ठरतं. यात ढोंग आहे असं मी म्हणणार नाही. ते काम खरोखर तिथेच होतं, गावच्या पोरीच करतात. फक्त १८४५ च्या करारात हा हेतू नव्हता, तेव्हा घड्याळ बरोबर चालावं एवढीच अपेक्षा होती.

एक राजकीय तपशील अर्थशास्त्राबाहेरचा नाही. २०१७ च्या निवडणुकीत या मतदारसंघात उजव्या ए.एफ.डी. पक्षाला ३५.५ टक्के मतं मिळाली. नोकऱ्या असलेल्या गावात असं का, असा प्रश्न बाहेरच्यांना पडला. नोमोसने कामगारांसाठी वर्ग घेतले, वादात शांतपणे बोलायचं कसं याचे. त्यात माल विकण्याची काळजीही होती, कारण गिऱ्हाईक जगभरचं आहे. ज्या पिढीने १९९० मध्ये एका वर्षात काम, देश आणि चलन बदललेलं पाहिलं, ती बाहेरून येणाऱ्या भल्याबुऱ्या सगळ्याच गोष्टींकडे साशंक नजरेने पाहते, एवढं मला दिसतं.

२००८ पासून १८७८ च्या त्या विद्यालयाच्या इमारतीत घड्याळ संग्रहालय आहे. लांगेंची सोन्याची खिशातली घड्याळं तिथे आहेत आणि सरकारी काळातली स्पेत्सिमाटिकही.